वजनाचे टक्के

नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या कारखान्यात, रेझिन भरलेल्या काचेच्या कापडाचं मॉडेल कॉम्प्युटरवर करताना मी काचेचे वजनाचे टक्के आकारमानाच्या रकान्यात भरले. काच रेझिनपेक्षा जड, म्हणून तिचा वजनाचा आकडा मोठा; त्यामुळे पडद्यावर काच जास्त भरली जायची आणि तुकडा खऱ्यापेक्षा फारच ताठ निघायचा. मी आपला विणीलाच दोष देत बसलो. बायको बाळंतपणासाठी शहाडला माहेरी, तिला बघायला जीव आसुसलेला, आणि मॉडेल जुळल्याशिवाय सुटका नाही. गेला रविवारही असाच हुकलेला. रेझिन जाळून उरलेली काच आपण काट्यावर तोलतो, म्हणजे ते टक्के वजनाचे, हे या रविवारी दुपारी डोक्यात शिरलं. संध्याकाळी शहाडला पोचलो आणि तिला वजन आणि आकारमानाचा सगळा घोळ सांगितला.

पोटावर हात ठेवून ती म्हणाली, “माझं दोन्ही वाढलंय हो. बघायला तुम्ही नव्हतात.”