आईची रिकामी खुर्ची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आमच्या घरात गोष्ट सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात, लग्न असो, बारसं असो, आणि मी कधी मागे हटत नाही. सासरेबुवांची म्हैस दुर्गच्या फलाटावर शिरली होती ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता म्हशीलाही पाठ झाली असती. ही एक मात्र नाही सांगितली. कशी सांगणार?

मी कविता करतो. म्हणजे, भिलाईतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत माइक हाती लागला तर करतो. एरवी कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये. पाच वर्षांपूर्वी मुलीनं स्कॉटलंडला बोलावून घेतलं, ती तिकडे नोकरीला. वाढदिवसाला तिनं शर्ट दिला नाही, घड्याळ दिलं नाही. तिथल्या एका खेड्यात कविता लिहायला शिकवणारी पाच दिवसांची कार्यशाळा होती, तिच्यात माझं नाव घातलं. म्हणाली, "बाबा, गणपतीच्या मांडवातून बाहेर निघा जरा."

दगडी घर, बाहेर मेंढ्या, आत आम्ही सात जण. मी सोडून सगळे गोरे, आणि मी सोडून सगळ्यांपाशी एकेक दुःख. एकीचा नवरा गेलेला. एकाचा भाऊ समुद्रात बुडालेला. माझ्यापाशी काय होतं? बीपीची गोळी, आणि कारखान्याच्या चिमणीवर टेकलेल्या चंद्राची एक कविता. ती वाचली, तर सगळे छान हसले. दाद कोणती आणि सौजन्य कोणतं, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. मला फार लागलं ते — पन्नाशी उलटलेल्या माणसाला लागू नये इतकं.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, एका रिकाम्या खुर्चीवर लिहा. मला भिलाईतल्याच कोहक्याची खुर्ची आठवली. तिथे धाकट्या भावाच्या घरी आई राहते. व्हरांड्यात तिची वेताची खुर्ची, एक हात सुतळीनं बांधलेला. पण ती रिकामी कुठे होती? आई त्या घटकेलाही तिच्यात बसून क्रोशा विणत असणार. मग मी काय केलं? आईला उठवलं, आणि खुर्ची रिकामी केली.

माझं इंग्रजी कारखान्याच्या लॉगबुकातलं. मोटर बंद. बेल्ट बदलला. काम सुरू. त्याच भाषेत लिहिलं: खुर्ची आहे. सुतळी आहे. सुई आहे. आई नाही. वाचून झालं, तर कुणी हलेना. त्यांना वाटलं, हा माणूस किती आवरून लिहितो! मला त्याहून लांब वाक्य येत नव्हतं, एवढंच.

कविता आहे, कल्पना आहे — इथवर कदाचित चाललंही असतं. पण शेजारी एलिनबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, एकट्या. त्यांचे डोळे भरलेले. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, कधी गेल्या? "तसं नाही हो," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, मागच्या वर्षी. तारीख सांगितली. आजारही सांगितला. गोष्टी सांगणारा माणूस ना मी — तपशील मागितला की देतोच.

आणि तेवढ्यात टेबलावर माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आईचा फोटो, बोळकं पसरून हसणारा. कुणी पाहिला का? माहीत नाही. मी फोन कापून पालथा घातला.

जेवणाच्या सुट्टीत मेंढ्यांपाशी जाऊन तिला फोन लावला. तर ती म्हणते, "कापला कावून रे? त्या गोऱ्या लोकाइपुढं माही लाज वाटून राहिली का तुले?" मी म्हटलं, नेटवर्क नव्हतं. खरं तर लाजच वाटली असती तर बरं होतं.

पुढच्या वर्षी, मी ठोकून दिलेल्या त्या तारखेच्या सुमारास, सेक्टर ६ च्या आमच्या क्वार्टरवर एलिनबाईंचं कार्ड आलं. निघताना पत्ता मीच दिला होता. निळी फुलं, आत एकच ओळ — आज तुमच्या आईची आठवण येते आहे. फाडून टाकायला हवं होतं. पण परदेशातून आलेलं कार्ड! ते मिरवल्याशिवाय मी राहणार होतो का? स्कूटर काढली आणि कोहक्याला नेऊन आईलाच दाखवलं. काय लिवलं हाय, तिनं विचारलं. तुझी आठवण येते म्हणतात, मी म्हटलं. यात खोटं कुठे होतं? जामुलच्या बसमागे धूर खात परत येताना हे मी स्वतःला तीनदा विचारलं.

"एवढ्या दूरची बाई, अन माही आठवन काढते?" आईला ते पुरलं. तिनं एलिनबाईंसाठी रुमाल विणायला घेतला. डोळ्यांत मोतीबिंदू. टाका चुकला की उसवायचा, परत घालायचा. दोन महिने. पार्सल मी बांधलं. सोबत दोन ओळी तर हव्यात. मी लिहिलं, 'आईच्या ट्रंकेत सापडला. तिनं विणलेला शेवटचा.'

कवितेत मारलं ते टाळ्यांच्या हावरेपणानं. हे मात्र थंड डोक्यानं, पोस्टातल्या बाकावर बसून.

एलिनबाईंनी तो रुमाल फ्रेम करून भिंतीवर लावला आणि फोटो पाठवला. आईनं माझा फोन नाकाजवळ धरला. "फरेम केली न वं माय! मी त हात पुसाले देला होता!" किती तरी वेळ हसत होती. मग म्हणाली, "अन खाली मेनबत्ती कावून लावली?"

"तिकडं अंधार लवकर पडतो," मी म्हणालो.

अशी चार वर्षं गेली. चार कार्डं आली. आणि गेल्या वर्षी आईनं हट्ट धरला. "एकडाव तिचं तोंड दाखव मले फोनवर. बोलता नाही येत त नाही येत. पाहून त घेईन." मी आज-उद्या करत राहिलो. एके दिवशी माझी पुतणी — भावाची मुलगी, इंग्रजी शाळेतली — फोन घेऊन समोरच उभी राहिली. "बडे पापा, नंबर दो ना. मी लावून देते आजीले."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "आई, एलिनबाई गेल्या."

एलिनबाई ठणठणीत आहेत.

आईनं सुई खाली ठेवली. मांडीवर एलिनबाईंसाठीच घेतलेला दुसरा रुमाल होता, अर्धा झालेला. "लेकरं हायेत का तिले?" मी म्हटलं, नाहीत. तेवढं खरं होतं. "मंग कोन रडन रे तिच्यासाठी?" म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. कधी न पाहिलेल्या बाईसाठी. पुतणीकडून चारही कार्डं मागवून घेतली, खिडकीत मांडली आणि त्यांच्यापुढे दिवा लावला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. तिला समजावत होतो — मी!

यंदाही कार्ड आलं. ते कारखान्यातल्या माझ्या लॉकरमध्ये आहे, हेल्मेटखाली. एलिनबाई आईसाठी मेणबत्ती लावतात. आई एलिनबाईंसाठी दिवा लावते. दोघी जिवंत आहेत.

काल कोहक्याला गेलो होतो. अर्धा रुमाल आईनं ट्रंकेत ठेवून दिला आहे, सुई त्यातच खोचलेली. आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. हात रिकामे.