शेजारच्या काउंटरवरची तोफ

तिला आम्ही तोफ म्हणायचो, तेही तोंडावर. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलात की टीव्ही दिसायच्या आधी तिचा आवाज ऐकू यायचा. "या ताई, या! नुसतं बघा, बघायला कोण अडवतंय!" भिंतभर टीव्ही एकाच वेळी कोकलत असायचे आणि ही बाई त्या सगळ्यांना पुरून उरायची.

दुकान शेटजींचं, पण टीव्ही विकणारे आम्ही ज्या त्या कंपनीचे. तोफेचा शर्ट लाल, माझा निळा. आमच्या दोन्ही कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. त्यांनी किंमत उतरवली की संध्याकाळपर्यंत आमची उतरलीच म्हणून समजा. वर साहेबलोक असे भांडत होते आणि खाली आमचे काउंटर एकमेकांना चिकटून होते.

तोफ या धंद्यात आली ती दारोदार मिक्सर दाखवत. तोंडावर दार आपटलं की ती बंद दारालाच मिक्सर समजावून सांगायची, आणि कधीकधी ते दार उघडायचंही. नवरा शिंपी. त्याला हळूहळू दिसेनासं झालं होतं. सकाळी कामावर निघण्याआधी ती त्याला सात-आठ सुया ओवून ठेवायची, म्हणजे दिवसभर त्याचं अडायला नको. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर उपयोग नाही. आम्ही सगळे कंत्राटी. आम्हाला कुठला आलाय विमा? पण तिच्या साहेबाने शब्द दिला होता, या वर्षी तुम्हाला कायम करतो. कायम झाली की नवऱ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात होणार होतं. त्या एका शब्दावर बाई दिवसभर उभी असायची. स्टुलावर बसायची सोय होती, तरी बसायची नाही.

आमच्या मजल्यावर एक रीत होती, तीही तिनेच पाडलेली. एकजण जेवायला गेली की शेजारणीने दोन्ही काउंटर बघायचे. आणि दुसरीच्या काउंटरवर आलेलं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं नाही. तिचाच टीव्ही दाखवायचा, तिच्याच नावावर विकायचा. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, "आणि नाही पाळलं तर?" तर म्हणाली, "मग उभ्यानेच जेव. गिळलेलं अंगी लागणार नाही." रोज मला जेवायला हाकलायची तीच. "जेवलीस का? जा आधी. टीव्ही काही पळून जात नाहीत!"

आणि मग तिच्या कंपनीत स्ट्रॅटेजी आली.

स्ट्रॅटेजी घेऊन एक कडक इस्त्रीचा साहेब आला. वरच्या मजल्यावर मीटिंगच्या खोलीत पडद्यावर बाण आणि गोल दाखवून सांगून गेला, की बाजार म्हणजे रणांगण आहे आणि शेजारचा काउंटर म्हणजे शत्रूचा तळ. शत्रूशी बोलायचं नाही, शत्रूबरोबर जेवायचं नाही. तोफेने मान डोलावली, खाली आली आणि मला म्हणाली, "ए शत्रू, तुझ्या डब्यात काय आहे?" आम्ही पोट धरून हसलो. हसायची वेळ नव्हती, पण तेव्हा कुणाला ठाऊक?

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी जेवायला गेले होते. एक मुलगी माझ्या काउंटरवर आली. म्हणाली, खोलीत दुपारभर ऊन येतं, वडिलांना कमी ऐकू येतं, कुठला घेऊ? तोफेने तिला माझ्या कंपनीचा टीव्ही दाखवला. मुलीने लाल कंपनीच्या टीव्हीकडे बोट केलं, "आणि तो?" तोफ म्हणाली, "तो माझाच आहे हो, चांगलाच आहे. पण उन्हात त्याचा पडदा चमकतो. तुमच्या वडिलांना हाच बरा."

ती मुलगी गिऱ्हाईक नव्हतीच! तोफेच्याच कंपनीने सोंग घेऊन पाठवलेली तपासनीस होती. पर्समध्ये मोबाइल चालू ठेवून सगळं टिपून घेतलं मेलीने. दोन दिवसांनी तोफेला वर बोलावलं. खाली आली ती घरच्या कपड्यांत, लाल शर्ट वरच काढून घेतला होता. कायम करायचं राहिलं बाजूला, होती ती नोकरीही गेली. माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच वर गेले आणि त्या इस्त्रीवाल्याला म्हटलं, "माझा घास माझ्या घशाखाली उतरावा म्हणून ती तिथे उभी होती. तुम्हाला लाज नाही वाटत?" त्याने माझ्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही आमच्या कंपनीच्या नाही." विषय संपला! माझा साहेब तर खुशीत होता. मला म्हणाला, "त्यांची सगळ्यात मोठी तोफ थंडावली. आता मजला आपला." हात शिवशिवत होते. घरी पोरं आहेत म्हणून गप्प बसले.

मी फोन केले, ती उचलेना. तिच्या जागी एक तरणाबांड पोरगा उभा राहिला. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा, तसा त्याला हुकूमच होता. मी कोपऱ्यात काउंटरकडे तोंड करून उभ्या उभ्या डबा खायला लागले.

आणि गेल्या सोमवारी काय व्हावं? आम्हा दोन्ही कंपन्यांच्या माणसांना एकाच खोलीत बसवलं. पडद्यावर फोटो! आमचे सगळ्यात मोठे साहेब आणि त्यांचे सगळ्यात मोठे साहेब एकाच टेबलावर जेवतायत, दात काढून हसतायत. यापुढे लाल टीव्हीत पडदा निळ्या कंपनीचा बसणार. उन्हात चमकत नाही ना, म्हणून! तोच इस्त्रीवाला पुढे उभा राहून सांगत होता, की आता एकमेकांना सांभाळून घ्या, गिऱ्हाइकाला दोन्हींचं चांगलं सांगा. ही नवी स्ट्रॅटेजी म्हणे.

चुलीत घाला तुमची स्ट्रॅटेजी! तुम्ही एका ताटात जेवलात तर तो करार, आणि तिने माझं जेवण सांभाळलं तर ती गद्दारी? हे मी मनात नाही म्हटलं. उभी राहून, सगळ्यांसमोर म्हटलं. "तिला परत घ्या," म्हटलं. इस्त्रीवाला घड्याळ बघत म्हणाला, "त्या वेळच्या धोरणानुसार तो निर्णय बरोबरच होता."

बाहेर येऊन मी तोफेला फोन लावला. या वेळी उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं, फोटो, पडदा, सगळं. वाटलं, आता ती अशी काही शिव्या घालेल की फोन कानापासून लांब धरावा लागेल.

पण ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी बेइमानी नव्हती केली ना गं?"

"अगं बाई, तू इतके दिवस हेच उगाळत बसली होतीस?" मी तिच्यावर ओरडलेच.

"यांच्या डोळ्यांचं आता काही होणार नाही म्हणाले डॉक्टर. उशीर झाला. मी यांना सांगितलंय, माझ्या चुकीमुळे झालं म्हणून." तिच्या मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता. "थांब, यांच्याकडे फोन देते. तूच सांग त्यांना. मी सांगितलेलं खरं नाही वाटायचं."

मशीन थांबलं.