छापील यादीची पहिली ओळ

बसवनगुडीत माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मुंबईचा वितरक निवडक डीलरांना पासवर्ड देई. तो टाकला की त्याच्या वेबसाइटवर रोजचे विक्रीचे भाव दिसत. रस्त्याला खाली, दोन दुकानं सोडून हाच माल विकणाऱ्या इंजिनिअरला तो मागताक्षणी मिळाला, मला सहा महिने भांडावं लागलं. हे मी अजून विसरलेलो नाही. पासवर्ड बाहेर गेला तर डीलरशिप रद्द, असं माझ्याकडून लिहूनही घेतलं होतं.

रोजची कटकट नको म्हणून मी पुस्तकावरून पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो आणि यादी उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. नाव आणि पासवर्ड सरळ वेबच्या पत्त्यातच घातले, तसं चालतं. यादी कुठून आली ते कळावं म्हणून तो पत्ता कागदाच्या डोक्यावर छापून घ्यायचो.

एका सकाळी बेळगावकडचं, इथे टायपिंग क्लास चालवणारं एक गिऱ्हाईक हार्ड डिस्कच्या भावावरून अडून बसलं.

"स्वल्प कमी करा अण्णा. हा भाव तुमच्या मनचा आहे."

"मनचा? हा घ्या मुंबईचा. घरी नेऊन फ्रेम करा."

मी पुढ्यात आपटलेला यादीचा कागद त्याने खरंच खिशात घातला. दुपारी दुसरी प्रत काढली तेव्हा पहिली ओळ मी नीट वाचली. पत्त्यात माझं नाव आणि पासवर्ड छापलेला होता. त्याच्या टायपिंग क्लासपर्यंत मी चपला न घालताच गेलो.

"तो कागद? खालच्या इंजिनिअरच्या दुकानात दाखवला की. त्यांनी झेरॉक्स ठेवून घेतली. तुमचाच भाव खरा निघाला बघा, अण्णा."

परत येऊन स्क्रिप्ट चालवली. यादी आली. पासवर्ड अजून चालू होता, आणि तो आता इंजिनिअरकडेही होता. त्याला तो वापरायची गरज नव्हती. त्याने मुंबईला एक फोन केला की मी संपलो.

 मीच आधी फोन लावला, वितरकाच्या ऑफिसातल्या बाईंनी उचलला. कागद चोरीला गेला म्हणावं, असं जिभेवर आलं होतं.

"बाई, माझा पासवर्ड फुटला. मीच दिला, रागाच्या भरात."

"तुम्हीच?" मग म्हणाल्या, "थांबा, दुसरी लाइन वाजतेय."

रिसीव्हर कानाला घट्ट दाबून मी उभा राहिलो. पलीकडे त्या कुणाला तरी हं हं करत होत्या.

"फोन तुमच्याच बसवनगुडीतून होता," त्या परत येऊन म्हणाल्या. "आम्हाला ठाऊक आहे, डीलरनेच कळवलंय, असं सांगितलं त्यांना. लॉगिन बंद करतेय. तुम्ही घडलं ते लिहून पत्र पाठवा, साहेबांशी मी बोलते."

ते पत्र लिहिताना माझे तीन कागद वाया गेले.