पत्रिकेवरचं नाव

गोजरबाईला धाकटी जाऊ डोळ्यांसमोर नको असायची, आणि हे ती लपवतही नव्हती. सुरेखा परतूरच्या सराफाकडून सोन्याची एकदाणी करून आली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे पेटलं ते विझलंच न्हाई. मंग तिनंही शेळ्या विकल्या, पैसे बँकेत टाकले. नणंदेच्या पोरीच्या लग्नात आपल्याही गळ्यात एकदाणी पाहिजे, अन् तीही धाकटीपेक्षा दोन मणी जास्तीची!

त्याच लग्नाची पत्रिका आली. मोबाईलवर, शहागडच्या नणंदेच्या, वंदनाच्या नंबरावरून.

आता आपल्याकडं पत्रिकेत काय बघतात? मुहूर्त? छे! नावं बघतात. कोणाचं वर, कोणाचं खाली, यावरून भावकीत वर्षवर्ष बोलणं बंद राहतं. मागच्या लग्नात गोजरबाईच्या मालकाचं, कडूबाचं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं, तर ही बाई न जेवता मांडवातून उठून आल्ती.

तिनं पत्रिकेवर बोट दाबलं. उघडंना. आधी ॲप घ्या म्हणे. घेतलं. तुमचे मेसेज वाचू का म्हणे. "वाच की बाबा, पण नावं दाखव जल्दी!" फोननं जे जे विचारलं त्याला ती हो म्हणत गेली. नावं काही दिसली न्हाईत. बँकेचे मेसेज मात्र आले, एकामागून एक. शेळ्यांचे पैसे गेले.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. वंदना दारात येऊन कुंकू लावल्याशिवाय, हातावर अक्षदा ठेवल्याशिवाय पत्रिका देणारी बाईच न्हाई! एक फोन करून विचारलं असतं तर? पण दम कुठं होता.

ती ओट्यावर मटकन बसली. तेवढ्यात सुरेखा अंगणात आली, हातात मोबाईल.

"बाई, तुमच्या फोनवरून पत्रिका आली की मला. बघू तर, औंदा कोणाचं नाव वर हाय!"

वंदनाच्या फोनातून आली तशीच ती आता आपल्या फोनातून आपोआप पुढं गेली, हे गोजरबाईला कळलं, तरी तिनं सांगितलं न्हाई. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. हिच्या खात्यात कापसाचे पैसे होते. दाब म्हणावं. होऊ दे बराबर.

सुरेखाचं बोट खाली आलं, तशी गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं, "दाबू नको गं! लुच्च्यांची हाय ती!"

"का? आमचं नाव वर असंल म्हणून?" सुरेखा हसली. "इतकं जळू नये, बाई."

ॲप घ्या म्हणून फोननं विचारलं, आणि सुरेखा हो म्हणणार, तोच गोजरबाईनं झडप घालून मोबाईल हिसकला आणि म्हशीच्या हौदात फेकला.

सुरेखानं अख्खं गाव गोळा होईल एवढ्या शिव्या दिल्या. मंग गोजरबाईनं बँकेचे मेसेज दाखवले, तेव्हा तिचं तोंड पडलं. तिनंच मालकाच्या फोनवरून १९३०ला, ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरावर, तक्रार दिली, बँकेला कळवून गोजरबाईचं खातं बंद करवलं. तोवर बहुतेक पैसे निघून गेल्ते.

लग्नात गोजरबाई नुसत्या काळ्या मण्यांच्या पोतीवर गेली. सुरेखा भेटंल त्या बाईला सांगत होती, "आमच्या बाईंनी वाचवलं मला, न्हाई तर मी बिलकुल बुडाल्ते!" सांगताना एकदाणी तिच्या छातीवर हालत होती.

खऱ्या पत्रिकेत कडूबाचं नाव सगळ्यांच्या वर होतं. वंदनानं मुद्दाम आणून दाखवलं. गोजरबाई हो हो म्हणाली, पण तिची नजर त्या एकदाणीवरून हालली न्हाई.