पंपाभोवती फेऱ्या

मास्तरांनी निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याला त्यांच्या शिकाऊ गाडीपासून लांब राहायला. ते शेजारच्या सीटवर बसत. तिथेही एक ब्रेक होता आणि त्यावर त्यांचा पाय कायम तयार असे. ऑफिसात फोनजवळ बसून शिकाऊंच्या वेळा ठरवायचं काम मास्तरीणबाईंचं. दोघांची रोज एकदा तरी जुंपायची, पण संसार मजेत चालला होता.

मग मास्तरांच्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली. ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलात जायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं आणि घरी यायचं. केस जागेवर राहिले, भूकही टिकली, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठ चक्क लहान झालेली दिसली. त्या दिवशी मास्तर एकाही शिकाऊवर खेकसले नाहीत.

सिस्टरांनी सुरुवातीलाच नीट समजावलं होतं. "हे औषध गाठीशी स्वतः भांडत नाही, शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करतं. कधीकधी ते चोर सोडून घरच्यांनाच बडवतात. आतडी, कातडी, फुफ्फुसं, थायरॉइड, कुठेही. पोट बिघडलं, खोकला आला, पुरळ उठलं, फार थकवा वाटला, तर लगेच फोन करा. गरज पडली तर औषध थोडं थांबवू." एवढ्या बोलण्यातलं मास्तरांच्या डोक्यात एकच पक्कं बसलं, ते म्हणजे थांबवू.

म्हणून पोट बिघडलं तेव्हा त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि शिकवणीचा रस्ता बदलला. चौकापलीकडच्या पेट्रोल पंपावर स्वच्छ संडास होता. आता प्रत्येक धडा त्या पंपाभोवतीच होऊ लागला. "गाडी लावा, काढा, परत लावा. मी आलोच," असं म्हणून मास्तर लगबगीने उतरत. पंपावरची पोरं त्यांना सलाम ठोकू लागली.

शाळेतल्या एक बाई गाडी शिकत होत्या. त्या एके सकाळी ऑफिसात येऊन तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "मॅडम, माझी लायसन्सची परीक्षा तोंडावर आलीय. मी अजून पूल पाहिला नाही, चढ पाहिला नाही. पंपाभोवती मात्र डोळे मिटून गाडी फिरवेन."

"पंपाभोवती कशाला?"

"सर सारखे आत जाऊन येतात ना!"

मास्तरीणबाईंनी हातातली वही मिटली. नवऱ्याची सैल झालेली पँट त्यांना दिसत होती, पण ती त्यांनी उन्हाच्या नावावर खपवली होती. शिकाऊ बाई गेल्या आणि मास्तर आत आले, तशा मास्तरीणबाई उठल्याच.

"दिवसातून किती वेळा जावं लागतं?"

"कुठे?"

"अहो, मला गोल फिरवू नका. मी तुमची शिकाऊ नाही."

मास्तर खुर्चीत बसले. "पाच-सहा वेळा. पण फोन करू नकोस गं. औषध बंद करतील ते. इतकं छान लागू पडलंय. बंद झालं आणि माझं काही झालं, तर तू एकटी पडशील."

"मग आत्ता कोण आहे सोबतीला?" मास्तरीणबाईंचा आवाज फाटला. "एका घरात राहून तुम्ही मला काही सांगत नाही. एकटीच आहे मी."

मास्तरांना हे लागलं. त्यांनी हात पुढे केला, फोन ओढून घेतला आणि स्वतःच नंबर लावला.

हॉस्पिटलात त्याच दिवशी तपासण्या झाल्या. आतड्याला सूज होती, औषधामुळेच आलेली. "दुकानातल्या गोळ्यांनी जुलाब झाकले गेले, सूज आत वाढत राहिली," डॉक्टर म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर आतड्याला भोक पडू शकलं असतं. मग हे औषध कायमचं सोडावं लागलं असतं."

"म्हणजे आता कायमचं नाही?"

"नाही. सध्या थांबवू. स्टिरॉइडच्या गोळ्या घ्या. त्या हळूहळू कमी करू. मनाने बंद करायच्या नाहीत."

त्या गोळ्यांनी मास्तरांना राक्षसासारखी भूक लागली आणि झोप उडाली. त्यांनी घरातलं प्रत्येक कपाट आवरलं, बाईंना त्यानंतर स्वतःचा चष्माही सापडेना. पण पोट ताळ्यावर आलं. स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच होती, औषध थांबूनही वाढलेली नव्हती. ते ऐकून बाई डॉक्टरांसमोरच रडल्या आणि मास्तर उगीचच खिडकीबाहेर बघत राहिले.

औषध पुन्हा सुरू व्हायच्या दिवशी सिस्टर अजून दाराशीच होत्या, तेवढ्यात मास्तरांनी भरल्या हॉलमध्ये शर्टाची बाही वर केली.

"सिस्टर, काल रात्रीपासून दंडावर खाज आहे! पोट साफ आहे, एकदाच जाऊन आलो!"

सगळ्या माना वळल्या. बाई लाजेने अर्ध्या झाल्या. "अहो, हळू बोला जरा."

"हळू कशाला?" मास्तर म्हणाले. "मला अजून पुष्कळ वर्षं तुझ्याशी भांडायचंय."

सिस्टरांनी दंड निरखून पाहिला, डॉक्टरांना विचारलं, एक मलम लिहून घेतलं आणि सलाईन सुरू केलं.