कारळ्याच्या तेलाची भुकटी

साठच्या दशकात पौडजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. पदवी नवी, पगार जेमतेम, तोरा मात्र भरपूर. कारळ्याच्या तेलाची कोरडी भुकटी करायची, हे आमचं काम. तेल आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी घुसळून दुधासारखं करायचं आणि उंच टाकीत गरम हवेत फवारायचं. पाणी उडून जायचं आणि तेलाच्या बारीक थेंबांभोवती डिंकाचं कवच उरायचं. ही भुकटी शाळेतल्या पोरांच्या लापशीत मिसळायची होती.

घट्ट मिश्रणाने फवाऱ्याचं तोंड सारखं तुंबायचं. म्हणून मी डिंक निम्म्यावर आणला, कुणाला न सांगता. काम झपाट्याने होऊ लागलं. मालक खूश, मी त्याहून.

डबे भरायला गावातली एक विधवा बाई होती. सासू आणि दोन मुली तिच्या एकटीच्या कमाईवर जगत होत्या. तिने चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "सायेब, तेल भाईर हाय. कारळं कुटताना तेल सुटलं की बोटाला लगेच कळतंय. ही खवट व्हनार."

चटण्या कुटणाऱ्या बाईने मला शिकवावं, याचा मला संताप आला. मी तिच्यापुढे तपासणीचा कागद धरला. तेलाचं प्रमाण अगदी बरोबर होतं. ते कवचाच्या आत आहे की बाहेर, हे त्या तपासणीत कळत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला वाचता येत नाही, हेही ठाऊक होतं.

महिन्याभरात सगळे डबे परत आले. सगळे खवट. मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि झाकणं सैल राहून हवा लागली असेल का, असं मला विचारलं.

"असू शकेल," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. "झाकनं मी लावली, सायेब. आत काय भरलं ते तुमाला ठावं हाय."

तिला त्याच दिवशी काढून टाकलं. मला लाज वाटली, पण नोकरी सोडण्याइतकी नाही.

पुढच्याच आठवड्यात तिच्या जागी दुसरी बाई आली आणि मी गुपचूप डिंक पूर्वीइतका केला. भुकटी टिकू लागली. आलेल्यागेलेल्याला मालक कौतुकाने सांगत, आधीची बाई निष्काळजी होती, या नवीचा हात चांगला आहे. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो.