मधलं नाव

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण पेणची ती एक घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. त्यात ना खून होता, ना दरोडा. एका लहान मुलीचा बाप कोण, एवढाच प्रश्न होता. नावं कोणाचीच देत नाही, कारण ती माणसं आजही याच भागात राहतात.

तेव्हा मी पेणला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप हातात घेतला, तोच खाडीकाठच्या एका गावातला तरुण आत आला.

"साहेब, माझ्या भाचीला पळवली."

त्याच्या मागे त्याची बहीण उभी होती. ती मुलीची आई. नजर जमिनीवरून उचलायला तयार नव्हती. संशय कोणावर, असं विचारल्यावर भावाने रोह्याला एका कंपनीत कामाला असलेल्या, मूळच्या खांब गावच्या माणसाचं नाव सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बहिणीचं लगीन झालेलं नाय, साहेब."

मूल नेल्याची तक्रार आली की ठाण्यात कोणी बसून राहत नाही. स्टेशन डायरीला नोंद घेतली, रोहा ठाण्याला फोन केला, रेल्वे पोलिसांना कळवलं. खबर दुपारच्या आत आली. रोहा स्टेशनबाहेरच्या एका रिक्षावाल्याने सांगितलं, की एक माणूस रडणाऱ्या मुलीला घेऊन गाडीतून उतरलाय आणि बाकावर बसून तिच्या केसांना रबर लावायची खटपट करतोय, पण त्याला ते काही केल्या जमत नाही. पोर पळवणारा माणूस केस बांधत बसत नाही, हे तेव्हाच माझ्या मनात आलं. पण मनात आलेलं डायरीत लिहिता येत नाही.

त्याला मुलीसकट पेणला आणलं. कंपनीचा निळा शर्ट अंगावर, रात्रपाळीने डोळे लाल.

"पोर माझी हाय, साहेब. पळवली नाय. तिच्या आईनेच कासू स्टेशनवर माझ्या हातात दिली."

"पुरावा काय? जन्मनोंदीत बापाची जागा कोरी आहे."

"रक्त घ्या की माझं," म्हणत त्याने बाही वर सारली. हवालदारांना हसू आलं. अशी तपासणी न्यायालयाच्या आदेशाने होते, ठाण्यात सुई टोचून बाप ठरत नाही, हे मला त्याला नीट समजावावं लागलं. त्याने बाही खाली ओढली. मग म्हणाला, "मग तिला विचारा."

आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं. ती नाही म्हणाली, तर हा अपहरणाच्या गुन्ह्यात आत जाणार आणि मुलगी मामाच्या हवाली होणार.

भावाला बाहेरच्या बाकावर बसवलं, महिला हवालदार तिच्याजवळ बसल्या. मी विचारलं, "हा माणूस कोण?" उत्तर नाही. "याचं नाव काय?" तिने ओठ घट्ट मिटले. महिला हवालदार म्हणाल्या, "सांग गो बाय, घाबरू नको." तरीही नाही.

भाऊ दारातून म्हणाला, "बघा साहेब, तिला नावपण ठाव नाय."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी लेखनिकाला फिर्याद लिहायला घे म्हणणार, तेवढ्यात ती महिला हवालदारांना अगदी हळू म्हणाली, "त्यांनी सकालपासून कायपण खाल्लं नसंल. ड्युटीवरून तसंच आलं."

मी थबकलो. आपली पोर पळवणाऱ्याला कोणी 'त्यांनी' म्हणत नाही, त्याच्या भुकेची काळजीही करत नाही. आणि मला माझी बायको आठवली. बँकेत कोणी माझं नाव विचारलं की ही हसून पासबुक पुढे करते. आमच्याकडच्या कित्येक बायका आजही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. या बाईचं लग्न झालं नव्हतं, तरी रीत मात्र तिने लग्नाच्या बायकोची पाळली होती. आणि आम्ही सगळे मिळून तिला नेमकं तेच विचारत होतो, जे ती मेली तरी बोलणार नव्हती.

मी प्रश्न बदलला. "बरं, मुलीचं पूर्ण नाव सांग."

तिने मुलीचं नाव सांगितलं, थांबली, आणि एकदम आडनाव सांगितलं. आडनाव त्याचं होतं.

"मधलं नाव?"

"ते तुमीच लिवा," ती म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर लाज दिसली. मी त्याचं नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय."

मग सगळा जबाब सरळ आला. भावाने तिचं लग्न जमवलं होतं. मुलीला नातेवाइकांत देऊन टाकायचं, अशी समोरच्यांची अट होती. पोर निदान बापाजवळ राहील म्हणून तिने तिला त्याच्या हाती सोपवलं होतं.

मी त्या माणसाला मुलीसकट बाहेर बसवलं, भावाला आत बोलावलं आणि समजावलं. लग्नाशिवाय झालेल्या मुलाची कायद्याने पालक आई. सज्ञान आईने आपल्या खुशीने मूल बापाकडे दिलं तर ते अपहरण नव्हे, आणि मामाला त्यात बोलायचा हक्क नाही.

"मी तिचा वैरी नाय, साहेब," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझ्या माघारी तिला कोण हाय?"

मला त्याचाही राग आला नाही. मी बाहेर बोट दाखवलं. मुलगी त्या माणसाच्या खांद्यावर झोपली होती आणि लाळेने त्याचा शर्ट भिजला होता. भाऊ बघत राहिला.

मी बहिणीला विचारलं, "मुलगी कुणाकडे राहील?"

"माझ्यासंगं," ती म्हणाली. "आन मी त्यांच्यासंगं."

गुन्हा दाखल झाला नाही. पण बापाची कोरी जागा भरायची राहिली होती. आई आणि बाप दोघांनी मिळून मागणी केली तर तसं नाव लावता येतं, त्याला लग्नाचा दाखला लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. एका वकिलाने प्रतिज्ञापत्र करून दिलं. पुढे नोंदणीच्या दिवशी दोघांनी आग्रह केला म्हणून मीही साध्या कपड्यांत गेलो. तोवर त्यांनी लग्न केलं नव्हतं. करायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न. मला तो कधी विचारावासा वाटला नाही.

गप्प बसलेल्या माणसाला काही माहीत नाही, असं मी त्या दिवसानंतर कधी धरून चाललो नाही. आधी माझाच प्रश्न तपासून बघू लागलो. नोकरीत तेवढं शहाणपण मला या बाईने दिलं.

त्या नोंदणीच्या दिवशी कारकुनाने विचारलं, "वडिलांचं नाव?" बाप सांगायला पुढे झाला, तर कारकून म्हणाला, "तुमचं नंतर. आधी आईने सांगायचं."

मला वाटलं, आता पुन्हा अडणार. तिने मुलीला कडेवर नीट घेतलं आणि त्याचं नाव घेतलं, आडनावासकट, रांगेतली माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने. तो तिथेच मान खाली घालून रडायला लागला, आणि मी खिशात रुमाल शोधत बाहेर आलो.